मातीतला कार्बन येतो कुठून आणि जातो कुठे?

जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आज साधारण ९०० अब्ज टन आहे आणि जमिनीवरच्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून ४५० अब्ज टनांच्या आसपास. म्हणजे हवा आणि वनस्पती यांची बेरीज केली तरी माती पुढेच राहते. हवामानबदलाचा विषय निघाला की झाडं लावण्याबद्दल भरपूर बोललं जातं. पण झाडाने हवेतून घेतलेला कार्बन मातीत पोचतो कसा आणि तिथे टिकतो कसा, हे बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलं जातं: पानं गळतात, कुजतात, त्यांचं खत होतं.

हे खरं आहे, पण अर्धंच. गळालेल्या पानांतला बराचसा कार्बन जमिनीच्या वरच कुजून पुन्हा हवेत जातो. उत्तर स्वीडनमधल्या सरोवरांत जंगलाने भरलेली छोटी छोटी बेटं आहेत. तिथल्या मातीचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के कार्बन मुळांकडून आणि मुळांशी जोडलेल्या सूक्ष्मजीवांकडून, त्यातही मुख्यतः बुरशीकडून, आलेला निघाला. म्हणजे या साठ्याचा मोठा भाग वरून पडून जमा झालेला नव्हता, जमिनीच्या आतच तयार झाला होता. थंड प्रदेशातल्या जंगलाचा हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण मुळांवाटे आलेला कार्बन पालापाचोळ्यातल्या कार्बनपेक्षा मातीत जास्त टिकतो, हे इतर ठिकाणच्या अभ्यासांतूनही पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

म्हणून या लेखात पाचोळा बाजूला ठेवू आणि जिवंत झाडाच्या मुळातून खाली उतरणाऱ्या कार्बनच्या मागे जाऊ.

पानापासून मुळापर्यंत

सुरुवात ओळखीची आहे. पानांवरच्या पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या जोरावर त्याची साखर बनवतं. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला साधारण १२० अब्ज टन कार्बन अशा रीतीने हवेतून काढून घेतात. त्यातला निम्मा त्या स्वतःच्याच श्वसनात खर्च करतात, म्हणजे तो परत हवेत जातो. उरलेल्यातून पानं, खोड, फळं आणि मुळं बनतात.

साखर मुळांकडे जाते ती रसवाहिन्यांतून, मुख्यतः सुक्रोजच्या रूपात. हा प्रवास वाटतो त्यापेक्षा बराच वेगवान असतो. कार्बनच्या वेगळ्या समस्थानिकाची (म्हणजे वजनाने वेगळ्या अणूंची) खूण असलेला कार्बन डायऑक्साइड पानांना दिला, तर गवतात काही तासांत आणि उंच झाडात काही दिवसांत तोच कार्बन मातीतून बाहेर पडणाऱ्या वायूत सापडतो. पानाने आज घेतलेला कार्बन याच आठवड्यात मातीतून होऊन हवेत परतलेला असू शकतो.

या वेगाचा सगळ्यात स्पष्ट पुरावा एका साध्या प्रयोगातून मिळाला. उत्तर स्वीडनमधल्या पाइनच्या जंगलात संशोधकांनी ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकटी आखल्या आणि काही चौकटींतल्या सगळ्या झाडांच्या खोडांवरून सालीचा एक पूर्ण गोल पट्टा काढून टाकला. साल काढली की तिच्यातल्या रसवाहिन्या तुटतात, त्यामुळे साखर खाली जाऊ शकत नाही. आतल्या लाकडातल्या जलवाहिन्या मात्र शाबूत राहतात, म्हणून पानांना पाणी मिळत राहतं आणि झाड लगेच मरत नाही. माती तीच, पाचोळा तोच, ऊन-पाऊसही तोच, आणि बदल फक्त एक: वरून येणारी साखर थांबली. पाच दिवसांतच मातीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ३७ टक्क्यांपर्यंत घट झाली. महिना-दोन महिन्यांत घट ५४ टक्क्यांच्या आसपास गेली. पाइनच्या मुळांवर जगणाऱ्या बुरश्यांच्या छत्र्या त्या हंगामात जवळजवळ उगवल्याच नाहीत.

हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. मातीचं श्वसन म्हणजे जुन्या पाचोळ्याचं कुजणं, अशी समजूत तोपर्यंत बरीच पक्की होती. प्रत्यक्षात मातीतल्या हालचालीचा निम्म्याहून अधिक भाग झाडाच्या ताज्या साखरेवर चालत होता. खरं तर तो याहूनही जास्त असावा, कारण साल काढल्यानंतरही मुळं काही काळ आपल्यात साठवलेल्या स्टार्चवर तगून होती.

मुळापाशी काय होतं

मुळांत पोचलेली साखर मुळांच्या वाढीला लागते आणि श्वसनात जाते. थोडी साखर, आम्लं आणि इतर पदार्थ मुळांतून थेट मातीत झिरपतात आणि तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात. आणि एक मोठा वाटा मायकोरायझा बुरशीला मिळतो.

मायकोरायझा म्हणजे बुरशी आणि मूळ यांचं एकत्र जगणं. वनस्पतींच्या ७० टक्क्यांहून अधिक जातींत याचा एकच प्रकार दिसतो, आर्बस्क्युलर मायकोरायझा. बहुतेक गवतं, तृणधान्यं, कडधान्यं आणि उष्ण प्रदेशातले बरेचसे वृक्ष यात मोडतात. एक्टोमायकोरायझा हा दुसरा मोठा प्रकार जेमतेम दोन टक्के जातींत आहे, पण त्या जाती पाइन, ओक, बर्च, बीच, निलगिरी, साल अशा आहेत. जगातल्या अफाट जंगलांचं लाकूड याच झाडांचं असल्यामुळे कार्बनच्या हिशेबात हे दोन टक्के भारी पडतात. आमराई असो की मोहरीचं शेत, सगळीकडे मायकोरायझा असणारच, असं मात्र धरून चालता येत नाही. मोहरी-कोबीचं कुळ आणि पालक-बीट-राजगिऱ्याचं कुळ या बुरशीशिवायच भागवतात.

ही जोडी जुळते रसायनांच्या संकेतांवर. स्फुरद कमी पडलं की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं अत्यंत अल्प प्रमाणात मातीत सोडतं. ती जवळपासच्या बुरशीला लागली की तिच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. हे २००५ साली दाखवलं गेलं. ज्वारीच्या मुळावर वाढणारं टारफुला हे परजीवी तणही नेमक्या याच द्रव्यांचा वास घेऊन उगवतं. म्हणजे मदतनीस बुरशीसाठी सोडलेला संकेत शत्रूही ऐकतो. तरीही वनस्पतींनी हा संकेत सोडणं बंद केलेलं नाही. बुरशीची गरज किती मोठी असेल, याचा अंदाज मला यावरूनच सगळ्यात चांगला येतो.

संकेत मिळाला की आर्बस्क्युलर बुरशीचा तंतू मुळाच्या आत शिरतो, पेशींच्या मधून वाट काढतो आणि मग एखाद्या पेशीच्या भित्तिकेतून आत जातो. अशा मुळाचा तुकडा अल्कलीत उकळून पारदर्शक केला आणि ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगात बुडवला, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं दिसतं. मुळाच्या फिकट पेशींमधून निळी रेघ धावत असते आणि काही पेशींच्या पोटात त्या रेघेला दोन फांद्या, त्यांना आणखी फांद्या असं होत होत पूर्ण पेशी व्यापणारं निळं झुडूप झालेलं असतं. या रचनेला आर्बस्क्युल म्हणतात. गंमत अशी की पेशी एवढी भरून जाते, तरी तिचं पटल फाटत नाही. प्रत्येक बारीक फांदीभोवती पेशी आपलं पटल वाढवत नेते, आणि त्या पटलाच्या दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण चालते. आर्बस्क्युल काही दिवसच जगतो. मग पेशी त्याला पचवून मोकळी होते आणि नव्या आर्बस्क्युलसाठी तयार राहते.

ही रचना नवी नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी या गावाजवळच्या दगडांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष सापडतात. त्या वनस्पतींना खरी मुळं नव्हती, पण त्यांच्या पेशींत आर्बस्क्युल आहेत. म्हणजे मुळं तयार होण्याआधीपासून ही भागीदारी आहे.

या व्यवहारात झाडाला काय मिळतं? मुख्यतः स्फुरद, शिवाय नत्र, जस्त आणि काही प्रमाणात पाणी. स्फुरद मातीत अतिशय हळू सरकतं. मूळ आपल्या आसपासचं स्फुरद शोषून घेतं, आणि मग त्याच्याभोवती एक-दोन मिलिमीटरची रिकामी पट्टी तयार होते, जी लवकर भरून येत नाही. बुरशीचे तंतू ही पट्टी ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात. त्यांची जाडी साधारण २ ते १० मायक्रोमीटर असते, त्यामुळे मूळ जिथे घुसूच शकत नाही अशा छिद्रांतही ते पोचतात. तेवढ्याच अंतरावर पोचायला मूळ वाढवायचं, तर झाडाला कितीतरी पट जास्त कार्बन लागेल. झाडाच्या दृष्टीने बुरशी पोसणं स्वस्त पडतं.

आणि बुरशीला काय मिळतं? २०१७ पर्यंत याचं उत्तर होतं, साखर. ते उत्तर अपुरं होतं. आर्बस्क्युलर बुरशीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा लक्षात आलं, की मेदाम्लं अगदी पहिल्या पायरीपासून बनवण्यासाठी लागणारा महत्त्वाचा एन्झाइम तिच्याकडे नाहीच. तरीही तिचे बीजाणू आणि तंतू तेलाच्या थेंबांनी गच्च भरलेले असतात. २०१७ साली वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं, की हे मेद वनस्पती स्वतः बनवते आणि आर्बस्क्युलच्या पटलापलीकडे पाठवते. म्हणजे या बुरशीला झाड साखरही पुरवतं आणि मेदही. म्हणूनच ही बुरशी जिवंत मुळाशिवाय आपला जीवनक्रम निसर्गात पुरा करू शकत नाही. जमिनीवर मुळं नसतील तर तिच्याकडे बीजाणूंत साठवलेलं तेल संपेपर्यंतचाच वेळ असतो.

झाड किती देतं? अंदाज जातीनुसार आणि परिस्थितीनुसार बदलतात. वनस्पतीने बनवलेल्या एकूण अन्नातला काही टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंतचा वाटा बुरशीकडे जातो, असं सामान्यतः मानलं जातं. हा वाटा ठरलेला नसतो. २०११ साली मेडिकॅगो या शेंगवर्गीय रोपावर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की एकाच मुळावर अनेक बुरश्या असतील, तर जी जास्त स्फुरद देते तिच्याकडे रोप जास्त कार्बन वळवतं. आणि बुरशीही, जे मूळ जास्त साखर देतं त्यालाच जास्त स्फुरद देते. मातीत स्फुरदयुक्त खत भरपूर असलं, तर बहुतेक झाडं बुरशीला मिळणारा कार्बनच आखडता घेतात.

तंतूंच्या आत आणि तंतूंच्या नंतर

मुळाबाहेर पडलेल्या कार्बनचा माग काढताना इथे जरा थांबावं लागतं, कारण सगळे गैरसमज इथूनच सुरू होतात.

आर्बस्क्युलर बुरशीच्या तंतूंना आतून आडव्या भिंती जवळजवळ नसतात. हजारो केंद्रकं, तेलाचे थेंब आणि पोषकद्रव्यं एकाच नळीतून वाहत असतात, आणि एकाच तंतूत एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतानाही दिसतात. मेद टोकांकडे जातं आणि स्फुरद मुळाकडे येतं. टोकं पुढे सरकत राहतात, मागचे तंतू रिकामे होतात आणि मरतात. २००३ साली कार्बन-१४ वापरून केलेल्या मोजणीत या बारीक तंतूंचं आयुष्य सरासरी पाच-सहा दिवसांचं निघालं. म्हणजे बुरशीचं जाळं महिनोन्‌महिने टिकून दिसत असलं, तरी त्यातला कार्बन सतत बदलत असतो.

या कार्बनचं पुढे काय होतं? मोठा भाग बुरशी स्वतःच श्वसनात जाळते. गवताळ कुरणातल्या एका प्रयोगात, रोपांना खुणेचा कार्बन दिल्यापासून २१ तासांच्या आत रोपांनी गमावलेल्या कार्बनपैकी ५ ते ८ टक्के केवळ बुरशीच्या तंतूंच्या श्वसनातून बाहेर पडला होता. काही भाग तंतूंतून झिरपून जिवाणूंच्या तोंडी लागतो. स्प्रिंगटेल, माइट, सूत्रकृमी असे मातीतले बारीक जीव तंतू चरतात. आणि जे तंतू मरतात, त्यांच्या भित्तिकांतलं कायटिन, प्रथिनं आणि मेद मातीत राहतं.

या मृत सूक्ष्मजीवांच्या अवशेषांकडे विज्ञानाचं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. आधीची समजूत अशी होती, की मातीतला टिकाऊ कार्बन म्हणजे वनस्पतींचे न कुजणारे, चिवट भाग, विशेषतः लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटलं. बऱ्याच जमिनींत, खासकरून गवताळ प्रदेशांत, सेंद्रिय कर्बाचा मोठा हिस्सा, काही अंदाजांप्रमाणे निम्म्याहून अधिक, बुरशी आणि जिवाणूंच्या मृत अवशेषांचा असतो. एखादा रेणू टिकतो की नाही हे तो किती चिवट आहे एवढ्यावरच ठरत नाही. तो मातीत नेमका कुठे जाऊन बसला, यावर जास्त ठरतं.

जागा दोन महत्त्वाच्या. एक, चिकणमातीचे कण आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. यांच्या पृष्ठभागाला चिकटलेला रेणू सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमांच्या हाती सहजी लागत नाही, आणि असा कार्बन शेकडो, कधी हजारो वर्षं राहू शकतो. बुरशीचे तंतू खनिजांना अगदी लगटून वाढतात, म्हणून त्यांचे अवशेष अशा जागी बसण्याची शक्यता जास्त. दोन, मातीच्या कणांची बारीक ढेकळं. बुरशीचे तंतू आणि मुळं मातीचे कण बांधून धरतात आणि या ढेकळांच्या पोटात अडकलेल्या सेंद्रिय पदार्थापर्यंत हवा आणि जिवाणू कमी पोचतात. नांगर फिरला की ही ढेकळं फुटतात आणि आत अडकलेला पदार्थ उघडा पडतो.

यात ग्लोमॅलिनचं नाव वारंवार येतं. आर्बस्क्युलर बुरशी एक चिकट प्रथिन बनवते, तेच माती बांधून ठेवतं आणि दशकानुदशकं टिकतं, असं १९९६ नंतर खूप लिहिलं गेलं. पण मातीतून ग्लोमॅलिन काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यात इतर प्रथिनं आणि सेंद्रिय पदार्थही मिसळून येतात. त्यामुळे त्या आकड्यांवर बुरशीचं सगळं श्रेय उभं करणं योग्य नाही. तंतूंमुळे माती बांधली जाते, हे त्याशिवायही पुरेसं सिद्ध आहे.

तीच बुरशी कार्बन बाहेरही काढते

बुरशी वाढवली की मातीत कार्बन वाढतो, हे समीकरण मला फार घाईचं वाटतं. कारण मातीत ताजी साखर पोचली की तिथले सूक्ष्मजीव जागे होतात आणि नत्राच्या शोधात जुना सेंद्रिय पदार्थही फोडू लागतात. नवा कार्बन आत आल्याने जुना बाहेर पडतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर आर्बस्क्युलर बुरशी असलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थाचं विघटन वाढलेलं दिसलं. झाडाने बुरशीला जास्त दिलं आणि बुरशीच्या आसपासच्या जिवाणूंनी मातीतला जुना साठा खाल्ला.

एक्टोमायकोरायझाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यातही दोन बाजू आहेत. या बुरश्या पेशीच्या आत शिरत नाहीत, मुळाच्या टोकावर आवरण चढवतात आणि पेशींच्या मधे जाळं विणतात. यांतल्या काही जातींकडे लाकूड कुजवणाऱ्या पूर्वजांचे एन्झाइम अजून आहेत. त्या सेंद्रिय पदार्थ फोडून त्यातलं नत्र थेट काढून घेतात. नत्र असं उचललं गेलं की पाचोळा कुजवणाऱ्या मुक्त बुरश्यांची उपासमार होते. न्यूझीलंडमध्ये रूथ आणि पीटर गॅडगिल यांनी १९७१ साली पाइनच्या लागवडीत हेच दाखवलं: मुळं आणि त्यांची बुरशी दूर ठेवली तर पाचोळा लवकर कुजला. २०१४ साली जगभरच्या मातीची तुलना झाली, तेव्हा एक्टोमायकोरायझा असलेल्या परिसंस्थांच्या मातीत, आर्बस्क्युलर असलेल्यांच्या तुलनेत, नत्राच्या प्रत्येक भागामागे ७० टक्के जास्त कार्बन आढळला. पण सगळ्या एक्टोमायकोरायझा बुरश्या अशा वागत नाहीत, आणि काही जाती स्वतःच जुना ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ, जोरात फोडतात. कोणती बुरशी, कोणतं झाड, किती नत्र, कोणती खनिजं, एवढं कळल्याशिवाय उत्तर निघत नाही.

हे ध्यानात ठेवून २०२३ सालचा एक गाजलेला आकडा बघा. वनस्पती वर्षाला सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन मायकोरायझा बुरशीच्या मुळाबाहेरच्या जाळ्याला देतात, असा अंदाज मांडला गेला. जीवाश्म इंधनांतून दरवर्षी होणाऱ्या उत्सर्जनाच्या हा ३६ टक्के. त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ९ अब्ज टन, एक्टोमायकोरायझाचा. बातम्यांनी यावरून लिहिलं, की बुरशी आपल्या उत्सर्जनाचा एक तृतीयांश भाग जमिनीत गाडते. संशोधकांनी असा दावा केलेला नव्हता. हा आकडा वर्षभरात हातात येणाऱ्या पगाराचा आहे, वर्षअखेरीच्या शिल्लकीचा नाही. यातला किती कार्बन दुसऱ्याच दिवशी श्वसनात गेला आणि किती शंभर वर्षं राहिला, हे तो सांगत नाही.

एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे?

या विषयातला सगळ्यात लोकप्रिय भाग हाच आहे, म्हणून तो टाळता येत नाही. एकच बुरशी दोन झाडांच्या मुळांना जोडू शकते, यात शंका नाही. कार्बन एका झाडातून बुरशीवाटे दुसऱ्या वनस्पतीत जाऊ शकतो, यातही नाही. मोनोट्रोपा ही पांढरीफटक वनस्पती त्याचा जिवंत पुरावा. तिच्यात हरितद्रव्य नाही. स्वीडनच्या एरिक ब्यॉर्कमान यांनी किरणोत्सारी कार्बन असलेलं ग्लुकोज झाडांत सोडलं आणि तो कार्बन शेजारच्या मोनोट्रोपात सापडला. १९६० साली हे प्रसिद्ध झालं. मोनोट्रोपा बुरशीवर जगते आणि बुरशी झाडावर.

प्रश्न हिरव्या झाडांचा आहे. सुझॅन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली कॅनडातल्या जंगलात बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांना कार्बनचे दोन वेगवेगळे समस्थानिक दिले आणि कार्बन दोन्ही दिशांनी गेल्याचं, फरला निव्वळ फायदा झाल्याचं, फर सावलीत असताना हा फायदा वाढल्याचं दाखवलं. पण जवळच्या रेड सीडारमध्येही थोडा खुणेचा कार्बन पोचला होता, आणि त्या झाडाची बुरशी वेगळ्या प्रकारची असते. म्हणजे काही कार्बन बुरशीच्या जोडणीशिवाय, मातीतूनही गेला असणार. स्वित्झर्लंडमध्ये ४० मीटर उंच स्प्रूस वृक्षांना क्रेनच्या मदतीने खुणेचा कार्बन दिला गेला, तेव्हा तो शेजारच्या वेगळ्या जातींच्या वृक्षांच्या बारीक मुळांतही मिळाला, आणि ज्यांची बुरशी वेगळी अशा खालच्या झुडपांत मिळाला नाही. २०१६ सालचा हा निकाल पक्का आहे. मात्र बारीक मूळ आणि त्याला बिलगलेली बुरशी वेगळी करणं कठीण असतं. तिथे सापडलेला कार्बन झाडाच्या कामाला आला की बुरशीच्याच अंगात राहिला, हा मुद्दा उरतोच.

२०२३ साली या क्षेत्रातल्याच तीन संशोधकांनी सगळ्या पुराव्यांची झडती घेतली. मोठी झाडं या जाळ्यातून आपल्या पिल्लांना ओळखून पोसतात, या दाव्याला जंगलातला प्रत्यक्ष पुरावा नाही, आणि शोधनिबंधांतही दुजोरा देणारे निकालच जास्त उद्धृत होत गेले, असं त्यांनी दाखवलं. मला हे परीक्षण अत्यंत मोलाचं वाटतं. माया आणि दातृत्वाच्या कथेत बुरशीचा स्वतःचा स्वार्थ पुसला जातो. अनेक झाडांना जोडून राहणं बुरशीच्या फायद्याचं आहे, तिला अन्नासाठी एकाच झाडावर विसंबावं लागत नाही. तेवढ्यावरूनच बरंचसं समजतं.

जमीन कसणाऱ्यांसाठी

कार्बनचा हा ओघ कुठे तुटतो, ते वर आलेल्या गोष्टींवरूनच कळतं. खोल नांगरटीने तंतू तुटतात. जमीन दीर्घकाळ उघडी राहिली की बुरशीला पोसणारं मूळच राहत नाही. बुरशी न जोडणारं पीक वारंवार घेतलं, तर पुढच्या पिकाला बुरशी उशिरा मिळते. गरजेपेक्षा जास्त स्फुरद घातलं तर पीक स्वतःच बुरशीला कमी देतं. जमिनीत वर्षातला जास्तीत जास्त काळ जिवंत मूळ असणं, हाच या ओघाचा आधार आहे. आच्छादन पिकं आणि बहुवार्षिक गवतं इथेच उपयोगी पडतात.

मायकोरायझाची पाकिटं विकत मिळतात. त्यांचा उपयोग जिथे माती पूर्ण उकरली गेली, निर्जंतुक केली गेली किंवा खाणीसारखी उजाड झाली तिथे दिसण्याची शक्यता जास्त. चांगल्या चालू शेतात स्थानिक बुरशी बहुधा आधीच असते, आणि बाहेरून आलेली तिच्यासमोर टिकेलच असं नाही. शिवाय पाकिटातले बीजाणू जिवंत हवेत, आणि तिथेच बरीच पाकिटं नापास होतात.

कार्बन वाढला का, हे मोजणं मात्र सोपं नाही. एक हेक्टर, ३० सेंटिमीटर खोली आणि मध्यम घनतेची माती धरली तर तिचं वजन साधारण ३,९०० टन होतं. सेंद्रिय कर्ब एक टक्का असेल, तर त्यात ३९ टन कार्बन. वर्षाला ०.४ टन निव्वळ कार्बन वाढला, आणि ही चांगली वाढ म्हणायची, तरी पहिल्या वर्षाअखेर प्रयोगशाळेचा अहवाल १.०० ऐवजी १.०१ टक्के दाखवायला हवा. शेताच्या दोन कोपऱ्यांतला फरक याहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे दहा वर्षं, ठरावीक जागा आणि प्रत्येक वेळी तीच खोली, याशिवाय उत्तर मिळत नाही. खोलीचा मुद्दा दुय्यम समजू नये. नांगरट थांबवली की वरच्या थरात कर्ब वाढलेला दिसतो, पण त्याच शेतात आणखी खालचा नमुना घेतला तर तिथे तो घटलेला मिळू शकतो. वरचे १५ सेंटिमीटर मोजून थांबलं तर ती घट दिसतच नाही.